तुम्ही विचारलंत म्हणून: एमएस असताना चौदा किलो गेले कसे

हा प्रश्न मला सारखा येतो आणि विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. एक आमच्या गुहागरातले, बाजारात मासे घेताना गाठणारे, "काय गो, किती वाळलीस, बरं नाही की काय?" त्यांना उत्तर नकोच असतं, दुखणं वाढलं हे त्यांनी मनात ठरवलेलंच असतं. दुसरे म्हणजे ज्यांना स्वतःला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार आहे किंवा घरात कुणाला आहे, ते हळूच विचारतात, ताई, धड चालता येत नाही मग वजन कसं उतरवलंत. पहिल्यांना मी "सुरमई महाग झालेय ना" सांगून सुटते. हे दुसऱ्यांसाठी.

आधी वाढलं कसं ते सांगते, कारण ते मला स्वतःलाच फार उशिरा कळलं. 2014 ला एमएस निघाला तेव्हा मी 33 ची, वजन 64. आधी डावा डोळा धूसर, मग डावा पाय जड, पुण्याला जाऊन एमआरआय, मग पाच दिवस स्टिरॉइडचं सलाईन रोज एक ग्रॅम. त्या दिवसांत भूक अशी खवळायची की रात्री दोनला उठून मी गार पोहे खाल्लेत. त्यामुळे पुढची सात-आठ वर्षं कुणी वजनाचं बोललं की स्टिरॉइडवर ढकलून मी मोकळी. पण खरं सांगू का, पाच दिवसांच्या सलाईनने अंगावर सूज येते, भूक वाढते, 64 चे 82 होत नाहीत. ते केले मी आणि माझ्या घरच्यांनी, आणि "शक्ती" या एका शब्दाने.

एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलीनचं आवरण कुरतडते, मग निरोप मधेच अडतात नाहीतर रेंगाळतात. आमच्यासारख्या वाडीवाल्यांना सांगायचं तर पाट फुटतो. विहिरीत पाणी आहे, पंप चालू आहे, पण पाट मधे फुटलाय म्हणून शेवटच्या पोफळीच्या आळ्यात थेंब पोचत नाही. आता अशा वेळी तुम्ही विहिरीत आणखी चार कळश्या ओतल्यात तर काय होणार? पण आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं. मी दुपारनंतर गळून पडायचे, बोलायचाही कंटाळा, आणि बाई गळलेय म्हणजे तिच्या पोटात काही नाही असा सगळ्यांचा हिशोब, म्हणून सासूबाई डिंकाचे लाडू करायच्या, चारला गोड चहा आणि त्यात बुडवायचे बटर, सहाला परत चहा, सातपर्यंत मला ओट्याशी उभं राहवायचं नाही मग रात्रीचा स्वयंपाक राहिला बाजूला, फरसाणाचा डबा मांडीवर. आणि मजा म्हणजे खाल्ल्यावर थकवा तसाच. मी मात्र दहा मिनिटांनी परत डबा उघडायचे, अजून शक्ती यायचीय म्हणून.

मग एका डॉक्टरांनी, नाव नको, दोन मिनिटांत सांगितलं की रोज पाच किलोमीटर चाला, खाणं अर्धं करा. मी आज्ञाधारक, ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी चारला निघाले. व्याडेश्वराच्या देवळापाशी पोचेपर्यंत डावा पंजा फरफटायला लागला, डोळ्यापुढे दुधाळ पडदा, शेवटी एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि रिक्षाने घरी. मला वाटलं झालं, परत एमएसचा अटॅक. पंख्याखाली मानेवर ओला पंचा टाकून पडले तर तासाभरात डोळा जागेवर! पण भीती एवढी बसली की पुढचे सहा महिने मी अंगणापलीकडे गेले नाही, वजन अजून तीन किलो वर.

पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी पुढच्या खेपेला समजावलं. हे नवं नाही, 1890 मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की अशा पेशंटना कष्टाचं काम केल्यावर तात्पुरतं अंधुक दिसतं. त्यांना वाटलं श्रमाने होतं, पुढे कळलं की खरा दोषी श्रम नाही, अंगातली उष्णता. अर्धा डिग्री ताप वाढला तरी खराब झालेल्या नसेतला निरोप बंद पडू शकतो, आणि अंग गार झालं की परत सुरू. एमआरआय नव्हतं तेव्हा एमएस आहे का ते बघायला माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवायचे म्हणे, लक्षणं वाढली तर संशय पक्का. आणि बरीच वर्षं एमएसवाल्यांना व्यायाम करू नका असंच सांगायचे, आता उलट सांगतात, करा पण तापू नका.

आता कोकणात तापू नका म्हणजे काय! इथे घाम येतो पण वाळत नाही, हवाच ओली, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड व्हायचं कसं. एसी जिम वगैरे गोष्टी इथून लांबच्या. किनाऱ्यावर चालायचं तर सुक्या वाळूत माझा पंजा रुततो, आणि लाटेचा काय भरवसा. पण गरम टबाची गोष्ट ऐकून घरी येताना घाटात मला एकदम आमचा हौद आठवला. वाडीत शिंपण्यासाठी सासऱ्यांनी बांधलेला, कमरेएवढा, वर पोफळींची दाट सावली. सकाळी साडेसहाला त्यातलं पाणी असं असतं की पाय टाकताना आई गं होतं.

तर मी सकाळी हौदात व्यायाम करते, बास, एवढंच माझं गुपित. जुना गाऊन घालून उतरायचं, कठडा धरायचा, पाय पुढे-मागे-बाजूला, मग पाण्यातच बसकं-उठकं, सुरुवातीला पाच मिनिटं, आता वीस. पाणी वजन उचलून धरतं, तोल गेला तरी आपटत नाही आणि अंग तापतच नाही. मुलगा कडेला ब्रश करत उभा असतो, एकटीने मी कधीच उतरत नाही आणि आठवड्याला शेवाळ घासलंच पाहिजे. शेजारच्या काकी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगो म्हशीसारखी काय डुंबतेस!" म्हटलं काकी, म्हैस हुशार असते. दुपारी मग घरात खुर्चीवर बसून रबराच्या पट्ट्याने हाताचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले, कारण वजन उतरताना स्नायू गेले तर आमच्यासारख्यांचा पायच जातो.

पण वजन हौदाने उतरलं नाही हेही सांगते, हौदाने पाय टिकले, उतरलं ते खाण्याने. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, म्हणजे रोज अडीचशेच्या आसपास कमी खाल्लं तर महिन्याला एक किलो. माझे दोन गोड चहा आणि बटर साधारण तेवढेच निघाले! भात सोडला नाही, कोकणात राहून भात सोडायला सांगणाऱ्याचं मी ऐकतच नाही. फक्त ताटात आधी बांगडा किंवा अंडं किंवा कुळथाची पिठी, मग भात एक वाटी. नारळ निम्मा. तेवढ्यात कुणीतरी अमेरिकेतल्या स्वँक डॉक्टरांचा जुना आहार पाठवला, त्यात लोणी-नारळासारखी स्निग्धता जवळजवळ बंद, मी घाबरून पंधरा दिवस सोलकढीसुद्धा बंद केली. मग विचारलं तर कळलं की कुठल्याच एका आहाराने एमएस थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. सोलकढी परत चालू.

सगळ्यात जास्त फरक पडला तो स्वयंपाकाची वेळ बदलल्याने. माझं डोकं आणि हात सकाळी दहापर्यंत चालतात, तेव्हाच ओट्याशी उंच स्टूल घेऊन रात्रीचंही करून ठेवते, रात्री फक्त पेज गरम करायची. आणि पाणी. लघवी धरवत नाही म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही (हे आपल्यात कुणी बोलत नाही पण पुष्कळजणी करतात), त्याने पोट साफ नाही आणि तहान लागली की मी खायला धावायचे. डॉक्टरांना लाज सोडून सांगितलं, त्याला औषध आहे, मिळालं.

वजन करायचं हाही एक तमाशा. काट्यावर मला सरळ उभं राहता येत नाही, भिंत धरली की दोन किलो कमी दाखवतो, मी महिनाभर त्यावर खुश होते. आता दिरांचा आंब्याच्या पेट्या तोलायचा मोठा काटा आहे, त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून बसते आणि खुर्चीचं वजा करते. 22 महिन्यांत 82 चे 68. सावकाशच, मधे दोनदा महिनाभर काटा हललाच नाही.

माझा एमएस मात्र चौदा किलोने हलका वगैरे झालेला नाही, गोळ्या चालू, पंजाला पट्टी चालू. गुडघे कमी दुखतात, आणि मी पडले तर मुलाला एकट्याला मला उठवता येतं, पूर्वी शेजाऱ्यांना हाक मारायला लागायची. मी हे सगळं सुरू केलं ते त्या हाकेपायीच, फोटोसाठी नाही. आणि एक, न ठरवता तुमचं वजन उतरत असेल, गिळताना ठसका लागत असेल, मन उडालं असेल तर माझं काही वाचू नका, डॉक्टरकडे जा. नवीन त्रास गार होऊनही चोवीस तासांत गेला नाही तरी तसंच.

मे महिन्यात दोन किलो परत आले. विहीर खाली गेली, हौद कोरडा, आणि हापूस घरात, त्याबद्दल मला काही पश्चात्ताप नाही. परवा पाऊस झाला, काल मुलाने हौद घासला, पाणी आता गुडघ्यापर्यंत आलंय.