गोवर की कांजिण्या: पुरळाआधीचे दिवस काय सांगतात

मुलाच्या अंगावर पुरळ उठले की घरातल्या सगळ्यांचे लक्ष त्या पुरळाकडे लागते आणि मोबाइलवरच्या छायाचित्रांशी ते ताडून पाहण्याचा उद्योग सुरू होतो. मला विचाराल तर गोवर आणि कांजिण्या यांतला फरक ओळखायला त्याहून उपयोगी प्रश्न दुसराच आहे: पुरळ येण्याआधीचे तीन-चार दिवस मूल कसे होते?

गोवरात मूल आधी आजारी पडते आणि पुरळ मागाहून येते. संसर्ग झाल्यावर साधारणपणे १० ते १२ दिवसांनी ताप चढू लागतो, त्याच्या जोडीला कोरडा खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असतात, आणि उजेड सहन होत नाही म्हणून मूल तोंड फिरवते. या टप्प्यावर सर्दी-तापाचेच निदान होणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र याच दिवसांत दाढांसमोरच्या गालाच्या आतल्या बाजूला, लालसर अस्तरावर, मिठाच्या कणांएवढे निळसर पांढरे ठिपके दिसू शकतात. हेन्री कॉप्लिक या बालरोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. पुरळ उठल्यावर एक-दोन दिवसांत ते नाहीसे होतात, त्यामुळे उशिरा पाहणाऱ्याला ते सापडत नाहीत. पुरळ केसांच्या कडेला आणि कानांमागे सुरू होऊन चेहरा, धड, हातपाय अशा क्रमाने खाली उतरते, चट्टे एकमेकांत मिसळतात आणि त्याच सुमारास ताप आणखी चढतो. गडद त्वचेवर लाली ठळक दिसत नाही, तेव्हा हाताला लागणारा खडबडीतपणा अधिक विश्वासाचा.

कांजिण्यांत ही लांबलचक पूर्वतयारी नसते. लहान मुलांत अनेकदा पुरळ हेच पहिले लक्षण असते. ताप आलाच तर एखादा दिवस आधी आणि बहुधा सौम्य. लाल ठिपका उठतो, काही तासांत त्यावर पातळ सालीची, स्वच्छ पाण्याने भरलेली पुटकुळी तयार होते, मग ती गढूळ होऊन सुकते आणि तिच्यावर खपली धरते. नव्या पुटकुळ्या तीन-चार दिवस येत राहतात. म्हणून पोटावर किंवा पाठीवर हातभर जागेतसुद्धा ताजा ठिपका, भरलेली पुटकुळी आणि खपली या तिन्ही अवस्था एकाच वेळी दिसतात. शिवाय खाज प्रचंड असते. गोवराच्या पुरळात पाणी भरत नाही.

गंमत अशी की दिसायला भयंकर वाटतात त्या कांजिण्या, आणि निरोगी मुलांत त्या बहुतेक वेळा निभावून जातात; प्रौढ, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांची गोष्ट अर्थातच वेगळी. (कांजिण्यांचा विषाणू पुढे मज्जातंतूंत दबा धरून राहतो आणि अनेक वर्षांनी नागीण होऊन वर येऊ शकतो.) गोवराचे चट्टे त्या मानाने साधे वाटतात, पण फुप्फुसदाह, अतिसार, कानाचा संसर्ग आणि सुमारे हजारात एकाला होणारा मेंदूदाह हे त्याच्या पाठोपाठ येऊ शकतात. आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही गोवर काही प्रमाणात पुसून टाकतो. आजाराची तीव्रता कमी व्हावी म्हणून गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर अ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात. ते प्रमाण घरी ठरवू नये. कांजिण्यांत मात्र मुलांना ॲस्पिरिन देणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून यकृत आणि मेंदूवर आघात करणारा राय सिंड्रोम उद्भवू शकतो.

दोन्ही आजार हवेतून पसरतात, पण गोवराचा वेग विलक्षण आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत टिकू शकतो, आणि लस न घेतलेल्या, पूर्वी गोवर न झालेल्या दहा जणांचा निकट संपर्क आला तर त्यांतल्या नऊ जणांना तो गाठतो. गोवराचा रुग्ण पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत संसर्ग पसरवतो. कांजिण्यांचा रुग्ण एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या पुटकुळीवर खपली धरेपर्यंत. त्यामुळे गोवराची शंका असेल तर दवाखान्यात थेट न जाता आधी फोन करावा, म्हणजे प्रतीक्षागृहातल्या तान्ह्या मुलांपासून रुग्णाला दूर ठेवता येते. घरात लस न घेतलेले कोणी असेल तर तेही त्याच फोनवर सांगावे, कारण संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत दिलेली गोवराची लस आजार टाळू शकते.