तुम्ही विचारलंत म्हणून : तराफा बुडत कसा नाही?

माझ्या टेबलावर हातभर लांबीचा एक तराफा आहे. खाली नऊ ओंडके, त्यांवर छोटी खोपटी, दोन काठ्यांची डोलकाठी आणि चौकोनी शीड. नॉर्वेचा संशोधक थॉर हेयरडाल आणि त्याचे पाच साथीदार १९४७ साली पेरूहून ज्या 'कॉन-टिकी'वर बसून पॅसिफिक महासागरात शिरले, त्या तराफ्याची ही प्रतिकृती. बनवली मीच, त्यामुळे शीड जरा वाकडं आहे. ती बघून माणसं पहिला प्रश्न हमखास विचारतात : "ओंडके बांधून समुद्र ओलांडला? बुडला कसा नाही?"

बुडायला आधी आत पाणी साठावं लागतं. होडी म्हणजे पोकळ भांडं. पाणी बाहेर आहे तोवर ती तरंगते, आत भरलं की संपलं. तराफ्याला 'आत' असं काही नाहीच. लाट मागून अंगावर येते, मांडीपर्यंत भिजवते आणि ओंडक्यांच्या फटींतून खाली निघून जाते. उपसायला काही उरत नाही. उलटू शकतो, मोडू शकतो, पण होडीसारखा भरून तळाला जाऊ शकत नाही.

तेव्हाच्या जाणकारांची भीती वेगळी होती. बाल्सा लाकूड सच्छिद्र, ते पाणी पिऊन जड होईल. आणि ओंडके लाटांवर एकमेकांना घासून वाखाचे दोर कापून टाकतील. दोन्ही भीती रास्त होत्या. पहिली तर मी बादलीत तपासली आहे. मॉडेलसाठी मिळणारा सुका बाल्सा पाण्यात टाकून ठेवला. आधी पिसासारखा तरंगला, मग रोज थोडा थोडा खाली बसत गेला. हेयरडालनेही भर समुद्रात ओंडक्याची भिजलेली ढलपी कोणाला न दाखवता तोडून पाण्यात टाकली होती. ती सरळ खाली गेली! पण त्याची झाडं इक्वेडोरच्या जंगलातून ओली तोडलेली होती, नदीतून सोडत ग्वायाकील बंदरापर्यंत आणलेली. आतला चीक खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नव्हता. वरचा थर भिजला, गाभा शाबूत राहिला. सुकं, 'चांगलं' लाकूड घेतलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दोरांचं तर उलटंच झालं. लाकूड इतकं मऊ की दोरच त्यात रुतून बसले. ओंडक्यांनी दोर कापण्याऐवजी दोरांनी ओंडक्यांना खाचा पाडल्या आणि त्या खाचांतच ते सुरक्षित राहिले. अख्ख्या तराफ्यात खिळा नाही, तार नाही. (माझ्या पहिल्या प्रतिकृतीत मी सर्रास गोंद वापरला होता. पाण्यात सोडल्यावर सांधे कडक राहिले आणि एकेक करून उकलले. दुसरी दोऱ्याने बांधली, ती टिकली.)

तर हा झाला बुडण्याचा भाग. माझा अनुभव असा की मोठी माणसं इथे समाधान पावतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. माझा नऊ वर्षांचा भाचा मात्र वळला नाही. त्याने विचारलं, "मग परत कसे आले?"

मला हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो, कारण खरं उत्तर असं आहे : तराफ्यावरून आलेच नाहीत. २८ एप्रिलला पेरूच्या कायाओ बंदरातून एका टगबोटीने त्यांना ओढत बाहेर नेऊन सोडलं. पुढे पेरूच्या किनाऱ्याने वाहणारा हंबोल्ट सागरी प्रवाह आणि व्यापारी वारे नेतील तिकडे. १०१ दिवसांत सुमारे ६,९०० किलोमीटर. हिशोब केला तर ताशी तीन किलोमीटरही पडत नाही, म्हणजे चालत्या माणसापेक्षा हळू. फक्त रात्रंदिवस आणि एकाच दिशेने.

ही एकच दिशा किती क्रूर असते, ते साथीदारांपैकी हर्मान वॉट्सिंगरला कळलं. वाऱ्याने उडालेली झोपायची पिशवी पकडायला गेला आणि पाण्यात पडला. तराफा थांबत नाही, वळत नाही. पोहत गाठावा तर वाऱ्याच्या जोरापुढे माणूस मागे पडतो. फेकलेलं लाइफबेल्टही वारा परत तराफ्यावर आणून टाकत होता. शेवटी दुसरा साथीदार क्नुट हाउगलान दोर बांधलेलं बेल्ट हातात धरून स्वतः उडी मारून गेला आणि बाकीच्यांनी दोघांना ओढून घेतलं. मी ही गोष्ट सांगितली की ऐकणारे शार्कबद्दल विचारतात. मला मात्र तो न थांबणारा तराफा जास्त भयंकर वाटतो.

शेवटीही तेच. अंगाताऊ बेट समोर दिसत होतं, तिथले लोक होड्या घेऊन भेटायला आले, जोर लावून तराफा ओढू लागले, आणि तरीही तो बेटाला लागला नाही. वाहत पुढे गेला. ७ ऑगस्टला रारोइया कंकणद्वीपाच्या प्रवाळखडकांवर आदळला तेव्हा कुठे प्रवास संपला. सहाही जण वाचले. पुढे ताहितीहून माणसं आणि तराफा दोन्ही एका मोठ्या वाफेच्या जहाजावर चढून परतली. आज तराफा ऑस्लोच्या संग्रहालयात आहे.

गंमत म्हणजे ज्यांची ही विद्या, त्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावरच्या लोकांना परत येता येत होतं. १५२६ साली स्पॅनिश सरदार पिझारोचा सुकाणूधर बार्तोलोमे रुईस याला त्या समुद्रात मालाने भरलेला, कापसाचं शीड लावलेला असाच एक तराफा भेटला होता. व्यापारी माणूस माल विकून घरी न येईल तर धंदा कसला? त्यांचं गुपित होतं ग्वारा : ओंडक्यांमधल्या फटींतून पाण्यात खुपसायच्या लांब फळ्या. पुढची फळी खाली दाबली की तराफ्याचं तोंड वाऱ्याकडे वळतं, मागची दाबली की वाऱ्यापासून दूर जातं. 'कॉन-टिकी'वरही अशा फळ्या होत्या, पण त्या खालीवर करून हाकायचं असतं हे नीट उमगलं ते नंतर, १९५३ साली इक्वेडोरमध्ये करून पाहिल्यावर. २००६ मध्ये 'तांगारोआ' तराफ्याने या फळ्या व मोठं शीड वापरून रारोइयाचा तोच पल्ला सुमारे ७० दिवसांत गाठला.

म्हणून प्रश्न मिटला असं नाही. २०१५ मध्ये दोन तराफे कायाओहून निघून ईस्टर बेटापर्यंत नीट पोचले. त्यांना परत दक्षिण अमेरिकेला यायचं होतं. २०१६ च्या मार्चमध्ये भर समुद्रात तराफे सोडून द्यावे लागले, एका मालवाहू जहाजाने माणसं उचलली.

हेयरडालला वाटायचं की पॉलिनेशियात, म्हणजे ताहिती, हवाई, ईस्टर अशा पॅसिफिकमधल्या बेटांवर, माणसं अमेरिकेकडून, अशी वाहत आली. इथे माझं त्याच्याशी पटत नाही. भाषा, पुरातत्त्व, जनुकं सगळं पश्चिमेकडे, आशियाकडे बोट दाखवतं. २०२० च्या एका जनुकीय अभ्यासात इ.स. १२०० च्या आसपास दक्षिण अमेरिकी रक्त पूर्व पॉलिनेशियात मिसळल्याचं दिसलं, म्हणजे गाठभेट झाली हे खरं. पण ती कोणाच्या जहाजाने? १९७६ मध्ये मायक्रोनेशियातल्या माऊ पियाइलुग या दर्यावर्द्याने होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटा वाचत 'होकुलेआ' ही दुहेरी होडी हवाईहून ताहितीला नेली, आणि होडी परत हवाईला आली. मला विचाराल तर माझा कौल परत येणाऱ्यांकडे.

हे सगळं भाच्याला सांगेपर्यंत तो प्रतिकृती घेऊन पाण्याच्या टबापाशी पोचला होता. टेबलफॅन चालू करून त्याने पट्टीचा एक तुकडा पुढच्या फटीत खुपसला. तराफ्याने सावकाश तोंड वळवलं. मग काढून मागच्या फटीत खुपसला. फिरला. तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मामा, अजून एक पट्टी दे."