आमची वाटचाल : पणजोबांच्या ऑर्गनपासून

मिरजेत आमच्या घराण्याची ही चौथी पिढी पेटी (हार्मोनियम) दुरुस्त करते. सुरुवात कशी झाली, याचा पत्ता मात्र पणजोबांचा पायऑर्गन (पायानं भाता मारून वाजवायचं पेटीसारखं वाद्य) उघडल्यावर लागला.

पणजोबा संगीत नाटक कंपनीबरोबर फिरत आणि ऑर्गन तिथूनच आला, एवढंच घरात सांगितलं जायचं. पट्ट्यांवरच्या फळीवर ‘एस्टी’ हे नाव होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, ब्रॅटलबरो गावी हा कारखाना होता. पाच लाखांहून अधिक ऑर्गन तिथे तयार झाले. त्यांच्या अनुक्रमांकांची वर्षवार कोष्टकं उपलब्ध आहेत. त्यांवरून आमचा ऑर्गन १९०० नंतरच्या दशकातला ठरला.

पण खरी हकीकत आत होती. पेटीचा भाता हवा रीडवर, म्हणजे कंप पावून सूर काढणाऱ्या पितळी जिभेवर ढकलतो. या ऑर्गनचा भाता उलट काम करतो, पाय मारले की तो हवा रीडमधून आत ओढून घेतो. म्हणून याचा सूर गोल आणि भरदार लागतो. मायक्रोफोन नव्हता त्या काळात नटाच्या गळ्याला असाच आधार लागायचा. भात्यावर चामड्याची ठिगळं सापडली, एकावर एक, निरनिराळ्या हातांची. गावोगावच्या मुक्कामांत हे वाद्य किती हादरलं असेल!

रीड काढून पाहिल्या तेव्हा तर आम्ही थक्क झालो. पांढरी एक, म्हणजे प्रत्येक सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, तिच्या सगळ्या रीड मुळाशी कानशीनं घासलेल्या होत्या. मुळाशी घासलं की सूर उतरतो. कारखान्यातल्या सम विभागणीत (सप्तकाचे बारा सारखे भाग) गंधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा) चढा असतो, तानपुऱ्याशी तो जुळत नाही. काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी ‘सा’ धरली, तर पांढरी एक हा तिचा गंधार. कंपनीतला मुख्य गायक नट काळी चारमध्ये गात असणार आणि त्याच्यासाठी कुणीतरी हा गंधार कानानं उतरवला. ते काम पणजोबांचं, असं आम्ही मानतो.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, बोलपटांनी नाटकाचा प्रेक्षक ओढला. कंपनी बसली, थकलेल्या पगारापोटी ऑर्गन पणजोबांच्या वाट्याला आला आणि त्यांनी दुकान थाटलं. १९४० मध्ये आकाशवाणीनं आपल्या कार्यक्रमांत पेटीवर बंदी घातली, तेव्हा भजनी मंडळांनी आणि कीर्तनकारांनी आमचं दुकान जगवलं. त्यांचे उपकार मोठे आहेत.

ऑर्गनचा भाता आम्ही नव्यानं बांधला. तो गंधार तसाच ठेवला. आज दुरुस्त केलेल्या प्रत्येक पेटीत तारीख, बदललेलं सामान आणि लावलेला सूर पेन्सिलीनं लिहून ठेवतो. घरातलं जुनं वाद्य पाठवणार असाल तर एक विनंती: ते आतून पुसू नका, जुनं चामडंही काढू नका.