सेंट हेलेनाचा इअरविग: तुम्ही विचारलेत म्हणून

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावरून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, की तो राक्षसी इअरविग, म्हणजे शेपटीला चिमटे असलेला किडा, मुळात नामशेष झालेला असताना तुम्ही एवढ्या लांब काय शोधायला गेला होतात? आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकतो.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ साली तो नामशेष ठरवला, हे मला ठाऊक होते. जिवंत किडा १९६७ नंतर कोणी पाहिलेला नाही, आणि १९८८ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे पथकही हात हलवत परतले. पण फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये वर्णिलेला हा किडा त्याआधीही विस्मरणात गेलाच होता. १९६२ साली पक्ष्यांची हाडे शोधणाऱ्या दोघांना त्याचे वाळके चिमटे मिळाले आणि १९६५ मध्ये बेल्जियमच्या शास्त्रज्ञांना तो बेटावरच्या हॉर्स पॉइंटला जिवंत सापडला. लांबी ८४ मिलिमीटरपर्यंत, उडण्याचे नाव नाही, राहणार खोल बिळात आणि वर येणार पावसानंतर, तेही रात्री. अशाच्या नसण्याची हमी कोण देणार? हा युक्तिवाद मला आजही सर्वस्वी चुकीचा वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी हॉर्स पॉइंटवर मी परातीएवढा एक दगड उलथला. खाली मातीत अर्धवट रुतलेले, तांबूस, आत वळलेले असे काहीतरी चकाकले. गुडघे टेकून, श्वास रोखून मी ते हलकेच वर काढले. ती मेलेल्या घोणीच्या शेवटच्या पायांची जोडी होती. माणसांबरोबर बेटावर आलेली हीच घोण त्या किड्याच्या मुळावर उठली, असे मानतात. उठून मागे पाहिले, तर सकाळपासून उलथलेल्या दगडांची रांग पडलेली, आणि ज्या मातीला कधी ऊन लागले नव्हते ती पांढरी पडत चाललेली. सोबतच्या स्थानिक माणसाने शांतपणे विचारले, "हे परत कोण ठेवणार?"

मी परवानगी काढली होती. बांधकामासाठी इथले दगड गाड्या भरभरून नेले गेले, त्यापुढे माझे चाळीस दगड ते किती! पण किड्याचा आसरा गेला तो दगड हलवल्यानेच, हे मी इतरांना सांगत आलो होतो, आणि आदल्या रात्रीच्या वहीत मात्र दगडांचा आकडा अभिमानाने लिहिला होता. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे दगड परत ठेवले. कोणता कोणत्या खळग्यातला, हे शेवटच्या दहा-बारांच्या बाबतीत सांगता येईना.

त्या तीन दिवसांत पाऊस पडला नाही, आणि रात्री मी एकदाही गेलो नाही. म्हणून तो नाहीच, असे म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही; आणि पुन्हा जाणार का, असे विचाराल, तर होही म्हणवत नाही.