डावा पंख, टप्पा दुसरा: फासळ्या सरळ करण्यापासून मागच्या स्पारच्या रिवेटपर्यंत

विमानाच्या डाव्या पंखाच्या १४ फासळ्यांपैकी (पंखाला आकार देणारे पत्र्याचे आडवे भाग) १२ सरळ होऊन, कडा घासून, भोकं पक्क्या मापाला आणून तयार आहेत. टोकाकडच्या २ बाकी. मागच्या स्पारवर (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई) जोडपत्रेही, म्हणजे मजबुतीसाठी वर बसवायचे जादा पत्रे, एक सोडून रिवेट झाले. निम्म्याहून जास्त वेळ फासळ्या सरळ करण्यातच गेला, आणि तिथे घाई केली की पुढे सगळीकडे भरपाई करावी लागते.

ठोकळ्यावर दाबून काढलेल्या फासळीत दोन खोटी (दोष) असतात. एक म्हणजे, फ्लँज (फासळीची दुमडलेली कड) पूर्ण ९० अंशांत वळलेली नसते. पत्रा थोडा मागे उसळतो. दुसरी जास्त त्रासदायक. बाहेर फुगणाऱ्या वळणावर फ्लँजचा पत्रा आखडायला हवा, तो पुरता आखडत नाही. मग ती जास्तीची लांबी वेबला, म्हणजे फासळीच्या मधल्या सपाट पत्र्याला, वाकवते. फासळी सपाट टेबलावर वेब खाली, फ्लँज वर अशी ठेवली की मधला भाग उचललेला दिसतो.

क्रम महत्त्वाचा. आधी रुंद जबड्याच्या पकडीने फ्लँज ९० अंशांत आणायची आणि दर दोन-तीन भोकांवर गुण्या लावून बघायचं. मग फ्लूटिंगच्या (चुण्या पाडायच्या) पकडीने फ्लँजवर चुण्या पाडायच्या. चुणी दोन भोकांच्या बरोबर मध्ये हवी आणि तिचा फुगवटा आतल्या बाजूला, नाहीतर ती कातडीच्या (पंखाच्या बाहेरच्या) पत्र्याला टेकते. एकच खोल चुणी पाडण्यापेक्षा चार उथळ बऱ्या. नाकाजवळ वळण तीव्र, म्हणून तिथे चुण्या दाट. मागे फासळी जवळजवळ सरळ होते, तिथे क्वचितच लागतात. चुण्या जास्त झाल्या की टोकं उचलतात आणि फासळी टेबलावर डुलते. अशी चुणी थोडी सपाट करून माघार घेता येते, पण एकाच जागी तीन-चार वेळा मागेपुढे केलं तर पत्रा कडक होऊन चिरतो.

शेवटची परीक्षा टेबलावर नाही, भोकांच्या रांगेवर. फ्लँजच्या भोकांना स्टीलची पट्टी लावायची. सगळी एका रेषेत दिसली तरच फासळी सरळ. चुण्यांमुळे फ्लँजचा कोन किंचित उघडतो, म्हणून गुण्या पुन्हा एकदा फिरवायचा. हे न करता वाकडी फासळी क्लेकोंनी (भोकांतून पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या खुंट्या) ओढून बसवता येते, तेच तर अवघड आहे! भोकं जुळल्यासारखी वाटतात, पण ताण कातडीत जातो आणि दोन फासळ्यांमधला पत्रा बोटाने दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् वाजतो.

कडांचं काम कंटाळवाणं, पण सरळसोट. कातरीच्या खुणा आधी कानशीने, मग नायलॉनच्या घासचाकावर. हलकेपणासाठी पाडलेल्या मोठ्या भोकांची आतली कड आणि फ्लँजच्या कोपऱ्यांतल्या खाचा विसरायच्या नाहीत. भेग अशाच खाचेतून सुरू होते. चाक तिथे पोचत नाही. बारीक गोल कानस आणि गुंडाळलेला पॉलिश पेपर. खुणा फेल्ट पेननेच करायच्या. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला गंजवतं आणि सुईची रेघ म्हणजे आपल्या हाताने काढलेला ओरखडा. पेनची खूण धुताना जाते, म्हणून क्रमांक आणि डावी-उजवी बाजू लिहिलेली चिठ्ठी तारेने फासळीच्या भोकात अडकवून ठेवली आहे.

भोकं: ३/३२ इंची रिवेटला ४० नंबरचं ड्रिल आणि चंदेरी क्लेको, १/८ इंचीला ३० नंबरचं ड्रिल आणि तांबूस क्लेको. मधून सुरुवात करून टोकांकडे जायचं. बर (भोकाच्या कडेची धारदार कुसळं) काढताना बिट हाताने एक-दोन हलके फेरे, बस. जास्त फिरवलं तर ०.०२५ इंची पत्र्यात भोकाची कड सुरीसारखी पातळ होते.

डिंपलआधी (रिवेटचं डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोकाभोवती डायने पाडायचा खळगा) भोक पक्क्या मापाचं आणि बर निघालेलं हवंच. लहान किंवा खरखरीत भोकाला डाय ताणतो तेव्हा कडेपासून बाहेर बारीक भेगा पडतात. २०२४-टी३ मिश्रधातूचा पत्रा याबाबतीत अजिबात माफ करत नाही. फासळीच्या मागच्या निमुळत्या टोकात स्क्विझरचा (डाय आणि रिवेट दाबायची पकड) जबडा शिरत नाही. तिथे खिळ्याने ओढून बसवायचा छोटा डाय, जो पॉप रिवेटच्या पकडीने खेचता येतो, तोच उपयोगी.

आता मागचा स्पार. जोडपत्र्यांमधली काही भोकं पुढे फासळ्यांनाही लागणार असतात. ती आत्ताच भरून बसण्याची चूक इतकी सर्रास होते की आराखडा समोर ठेवून अशा प्रत्येक भोकावर आधी रंगीत टेप लावला. रिवेट १/८ इंची, गोल डोक्याचे, एएन४७०एडी४ या क्रमांकाचे; त्यातलं 'एडी' म्हणजे कडक मिश्रधातू. डोक्यावर मधोमध खळगा असेल तरच तो एडी; खळगा नसलेला मऊ रिवेट दिसायला तसाच, पण इथे चालत नाही.

लांबीचा हिशेब: पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट, म्हणजे ४.८ मिमी. ठोकल्यावर तयार होणारं डोकं सुमारे ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच यावं. रिवेट लांब पडला की आडवा लोळतो, आखूड पडला की डोकं चपटं होतं. जिथे स्क्विझर पोचतो तिथे गन (रिवेट ठोकायचा हवेचा हातोडा) वापरूच नये.

६ रिवेट काढावे लागले. कारखान्याच्या डोक्यावरच्या खळग्यातून आधी ४० नंबर, मग ३० नंबर, दोन्ही डोक्याच्या उंचीइतकेच खोल. मग पंच आत घालून डोकं बाजूला मोडायचं, मागे लाकडी ठोकळा टेकवून दांडा हलकेच ठोकायचा. ड्रिल पत्र्यापर्यंत गेलं की भोक लंबगोल होतं. मग ५/३२ इंची रिवेट घालता येतो, पण भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ८ मिमी अंतर उरत असेल तरच. एका भोकाला ७ मिमीच उरले, तो जोडपत्रा नवा कापायचा आहे.