पोटातली गाठ

गाव शहराला इतकं चिकटलेलं, की रात्री गोठ्यात दिवा लावला नाही तरी शहराच्या उजेडात गाय दिसते. पशुवैद्यक म्हणून अशा गावांत जायला लागल्यापासून माझ्याकडची आजारांची यादीच बदलली. त्या सकाळी गेलो ते तिसऱ्या वेताच्या एका गायीसाठी. आठवडाभर वैरण टाकत होती, पोट फुगायचं, तेल पाजलं की उतरायचं आणि पुन्हा फुगायचं. दूध जवळजवळ आटलेलं.

ताप नव्हता. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, मूठ दाबून उभा राहिलो. धडधाकट गायीचं कोटीपोट, म्हणजे चारा साठवणारा पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, मिनिटाला एकदा-दोनदा ढवळतं आणि तुमची मूठ आपोआप वर उचलली जाते. इथे पाच मिनिटं झाली तरी काही नाही. उलट ओली गादी दाबावी तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"आजी, चरायला कुठं सोडता?"

"आणि कुठं? गायरानात."

गायरान म्हणजे आता शहराचा कचरा ओततात तो डोंगर. आजींच्या लेखी मात्र ते अजून गायरानच.

आत प्लास्टिक साचलंय, पोट उघडावं लागेल म्हटल्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, गाय प्लास्टिक खाईलच कशी? जनावराला कळत नाही का?" नाही कळत. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जिभेचा वेढा घालून ओढायचं आणि फारसं न चावता गिळायचं. निवांत चावणं नंतर, रवंथ करताना. पिशवीला अन्नाचा वास असला की पिशवीसकट आत. आणि एकदा गेलेलं प्लास्टिक ना पचतं, ना पुढे सरकतं.

गाय उभीच ठेवली, खोड्यात. भकाळीचे केस काढले, लिग्नोकेन टोचून जागा बधिर केली आणि वीतभर छेद घेतला. कोटीपोटाची कड आधी कातडीला चौफेर शिवून घेतली, नाहीतर आतली घाण पोटाच्या पोकळीत सांडते आणि सगळंच मुसळ केरात. मग खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून हात आत.

पहिलं टोक सापडलं आणि ओढत राहिलो. पोटाच्या ढवळण्यानं पिशव्या पिळून पिळून त्यांचा दोरखंड झाला होता, मनगटाएवढा. मुलगा तो घमेल्यात घेत होता. दुसरं घमेलं भरल्यावर तो बोलायचा थांबला. गाय मात्र मान वळवून शांतपणे बघत होती. शेवटी हात पुढे जाळीपोटात, म्हणजे कोटीपोटाला लागून असलेल्या पुढच्या कप्प्यात, घातला. हृदय तिथून अगदी जवळ असतं, म्हणून ही जागा मी कधी सोडत नाही. दोन खिळे आणि तारेचा तुकडा निघाला. एकही अजून आरपार गेलेला नव्हता.

टाके घालून वर आलो तर आजी घमेल्यापाशी बसलेल्या. एक पिशवी अजून बांधलेली होती. त्यांनी ती विळ्यानं फाडली. आत कुणाच्या तरी घरचं उरलंसुरलं, काळं झालेलं, आणि तोंडाला घट्ट दुहेरी गाठ. "बांधलंय बघा किती नीट," त्या म्हणाल्या. मी शहरात राहतो. रोज रात्री ओट्यावर मीही तशीच गाठ मारतो, सांडू नये म्हणून. आजींना ते सांगितलं नाही.

सगळं तागडीत घातलं, २६ किलो भरलं. शेजारच्या निरोगी गायीच्या पोटातला रस नळीनं काढून हिला पाजला, कारण पचन करणारे जिवाणूच उरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहाटे फोन. पोटात गोळाच आला. टाके उसवले की काय?

"आजी, काय झालं?"

"काही नाही रे बाळा. थांब, फोन तिच्या तोंडापाशी धरते. ऐक."

करकर, करकर, मग थोडा थांबा, आणि पुन्हा करकर. गाय रवंथ करत होती.