रामटेकच्या आधी मनसरला उतरा

रामटेकला जाणारे बहुतेक सगळे मनसरवरून जातात, उतरत मात्र क्वचितच कुणी. आम्ही उतरलो. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावरून रामटेकची एसटी धरली, कामठी-कन्हान मागे पडलं आणि मनसरच्या फाट्यावर तर्री-पोहे. (तर्री बेतानं घ्या, पुढे ऊन आहे.)

इथल्या खाणीतला काळा दगड उचलला की आधी वजनानं दचकायला होतं, मग बोटं काळी होतात. पोलाद करताना लागणाऱ्या या मँगनीजसाठी १८९६ साली इंग्रजांचं सिंडिकेट इकडे आलं, त्याचीच पुढे ‘सीपीएमओ’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर) कंपनी झाली. १९६२ मध्ये ‘मॉइल’ ही मँगनीज खाणींची सरकारी कंपनी निघाली तेव्हाही ४९ टक्के हिस्सा त्या विलायती कंपनीकडेच होता. तो सुटला १९७७ साली.

मला खरी ओढ होती ती खाणकामगारांच्या पतसंस्थेची. गेलो नेमके दुसऱ्या शनिवारी! शटर बंद. सोबतचे काका खदानीतून निवृत्त झालेले, ते पायरीवरच बसले आणि पिशवीतून जुनं पासबुक काढलं. भागाची वर्गणी, कर्जाचा हप्ता, सगळं पगारातूनच कापलेलं. १९६० च्या सहकार कायद्यातलं कलम ४९ यासाठीच आहे: सभासदानं लिहून दिलं की मालकानं पगारातून रक्कम कापून संस्थेला द्यायची. वसुलीला दारोदार फिरणं नको.

“पगाराच्या दिवशी सावकार गेटावरच उभा राहे,” काका म्हणाले. “बापाचं अर्धं आयुष्य त्याले व्याज देण्यातच गेलं.”

“मग बँकेत काहून नाही गेले?”

“तिथं आपला जामीन कोन रायते, बाप्पा? सोसायटीत दोन जामीनदार लागत, तेही आपल्याच पाळीतले. जामीनदार रुसला की पोरीचं लग्न अडलंच समजा!”

पासबुकात मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं, त्याखाली घराच्या पत्र्यांचं. मी फोटो मागितला, काकांनी नको म्हटलं. बरोबरच होतं त्यांचं.

तुम्ही जाणार असाल तर कामाच्या दिवशी सकाळी जा, आणि ओळखीचा एखादा जुना कामगार सोबत घ्या. खाणीत परवानगीशिवाय सोडत नाहीत. त्यासाठी नागपुरात काटोल रोडवरच्या मॉइल भवनात आधीच विचारा. जवळच हिडिंबा टेकडीवर वाकाटककालीन विटांचं बांधकाम उघडं झालंय, तेही बघा. वर सावली जवळजवळ नाही, एप्रिल-मे टाळा, पाणी खालूनच न्या. परतीला फाट्यावर उभं राहावं लागतं आणि हात दाखवला म्हणून प्रत्येक गाडी थांबत नाही. आमच्या तीन गेल्या.